कमरेचा मण्यांचा सर कसा ओवावा

गळ्यातलं गाठवणं आणि कमरेचं गाठवणं यात किती फरक आहे, हे मला या धंद्यात २८ वर्षं काढल्यावर कळलं. आमचं घर पटवेकऱ्यांचं. सासरे नाशिकच्या सराफ बाजारात एका पेढीच्या ओट्यावर बसून गाठवायचे, आता नवरा बसतो, आणि जास्तीचं काम रविवार पेठेत माझ्याकडे घरी येतं. काळ्या पोतीत वाट्या घालायच्या, ठुशीला गोंडा लावायचा, बोरमाळ तुटली की परत ओवून द्यायची. कमरेचं म्हणाल तर बारशाच्या बाळाचा करदोटा. काळा दोरा, चांदीची कडी, पाच मिनिटांचं काम.

दोन वर्षांपूर्वी दिंडोरीकडची एक मुलगी आपल्या मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रीण आफ्रिकेतल्या घानाची, कुमासी शहरातली, इथे फार्मसी शिकायला आलेली. तिने रुमालाची गाठ सोडून पाटावर मणी ओतले. बारीक पिवळे, निळे, आणि मधेमधे हरभऱ्याएवढे जाड, रेघारेघांचे, थोडे ओबडधोबड. "काकू, हे हिच्या कमरेचं आहे, तुटलंय," दिंडोरीची म्हणाली. आपल्याकडे मंगळसूत्र तुटलं असं कुणी म्हणत नाही, वाढलं म्हणतात. म्हणून मी आधी विचारलं, तुमच्यात हे अशुभ तर मानत नाहीत ना? ती मोडक्या हिंदीत म्हणाली, अशुभ काही नाही, खानावळीचा भात आहे. चार किलो वाढलंय. दोरा सांगत होता, मी ऐकलं नाही.

तेव्हापासून तिच्याकडून शिकत शिकत मी असे ३०-३५ सर केले असतील. कॉलेजच्या मुली येतात, मध्यमवयीन बायकाही येतात, आणि बहुतेकींना घरी स्वतःच करून बघायचं असतं. म्हणून हे लिहितेय.

आधी हे आहे काय ते सांगते. घाना, नायजेरिया, सेनेगल या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत बायका कमरेला मण्यांचे सर घालतात. एक, पाच, कधी दहाही, आणि बहुतेक वेळा कपड्याच्या आत. बाळाच्या नामकरणापासून ते सुरू होतं. आपलं बारसं बाराव्या दिवशी, त्यांच्यात आठव्या दिवशी. बाळाच्या मनगटाला, कमरेला, गुडघ्याखाली मणी बांधतात, आणि दोरा काचायला लागला की बाळ बाळसं धरतंय हे आईला वजनकाट्याशिवाय कळतं. मुलगी मोठी झाली की पूर्वी याच सरात तिचं लंगोटीसारखं कापड खोचलं जायचं. हे ऐकून मला माझे आजोबा आठवले. करदोटा कशाला, तर लंगोटी खोचायला. देवाधर्माचं नंतर.

पुढे वयात येणं, लग्न, बाळंतपण, प्रत्येक वेळी सर बदलतो किंवा वाढतो. नवऱ्यापुरती असलेली एक खाजगी बाजूही त्याला आहेच, आणि ती सांगताना घानाची मुलगी लाजली नाही, दिंडोरीची लाजली. सेनेगलमध्ये या सरांना बिन-बिन म्हणतात, आणि तिथे ते चालताना बारीक वाजावेत, त्यांना धूपाचा वास यावा, ही हौस असते. उलट घानाच्या अकान लोकांत म्हण आहे, ‘अह्वेने पा नकासा’. चांगला मणी बोलत नाही. आपलं उथळ पाण्याला खळखळाट फार, तसंच. म्हणजे एकाच किनाऱ्यावर एकीला मणी वाजायला हवा आणि दुसरीला वाजायला नको. ‘आफ्रिकेत असं असतं’ असं वाक्य कुणी सुरू केलं की मी आता सावध होते.

माझीच फजिती सांगते. तिचा सर ओवून दिल्यावर मला हौस आली, म्हणून तिला भेट द्यायला मी काळी पोत, लाल मणी आणि मधे सोन्याच्या पाण्याचे मणी असा एक सर केला. आपल्या डोळ्यांना किती शोभिवंत! तिने हातात घेतला, थँक्यू म्हणाली आणि गप्प बसली. मग दिंडोरीचीने फोड करून सांगितलं की त्यांच्याकडे काळा-लाल म्हणजे मयताला जातानाचा रंग. आणि पांढरा आनंदाचा. बाळंतीण पांढरे मणी घालते. मी म्हटलं, आमच्याकडे काळे मणी म्हणजे सौभाग्य आणि पांढरं कपाळ म्हणजे... तेवढ्यात चहा आला, बरं झालं.

माप

माप उभ्याने घेऊ नका. सगळ्या चुका इथून सुरू होतात.

टेपपेक्षा जाड सुती दोरा बरा. सर कुठे बसायला हवा ते आधी ठरवा. बरगड्यांखाली, जिथे अंग आत वळतं तिथे. किंवा बेंबीच्या खाली. किंवा कमरेच्या हाडावर. तिघांचं माप वेगळं येतं. दोरा तिथे उभ्याने गुंडाळून बघा, मग मांडी घालून बसा आणि परत बघा. माझं उभ्याने ८४ सेंटीमीटर आलं, मांडी घालून ८९. जेवल्यावर आणखी एक वाढलं. पारंपरिक सर न ताणणाऱ्या दोऱ्याचा असतो, त्यामुळे बसून घेतलेलं मापच खरं. नाहीतर पंगतीत बसलात की दोरा कातडीत रुतणार, नाहीतर तटकन तुटणार.

अजून एक. मणी जाड असेल तर सराचा आतला घेर कमी होतो, कारण दोरा मण्याच्या मधून जातो आणि अंगाला लागते मण्याची कड. ४ मिलीमीटरच्या मण्याला सव्वा सेंटीमीटर जास्त धरा, २ मिलीमीटरच्याला अर्ध्यापेक्षा थोडं जास्त. बांगडीचं माप घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना लागतं.

दोन-तीन पदर करणार असाल तर खालचा प्रत्येक पदर दोन सेंटीमीटरने मोठा ठेवा. सगळे सारखे केले तर एकमेकांवर चढतात.

मणी

बाजारात बारीक काचमण्यांना नंबर असतो. ११ नंबरचा मणी साधारण २ मिलीमीटर, ८ नंबरचा ३, ६ नंबरचा ४. नंबर जितका मोठा तितका मणी बारीक, हे उलटं लक्षात ठेवा. ८५ सेंटीमीटरच्या सराला ११ नंबरचे सहाशेच्या आसपास मणी लागतात, वजनात सहा ग्रॅमसुद्धा नाही. ८ नंबरचे चारशे-सव्वाचारशे, म्हणजे दहा-अकरा ग्रॅम. ६ नंबरचे साडेतीनशेच्या आत, पण वजन वीस-बावीस ग्रॅम. पहिल्यांदा करणारीने ८ नंबर घ्यावा. ११ला डोळे आणि धीर दोन्ही लागतात, ६ चुडीदाराखालून उठून दिसतो.

काच आहे की प्लॅस्टिक, हे गालाला लावून बघा. काच गार लागते. रंग पक्का आहे का ते बघायला नेलपेंट काढायच्या पाण्यात कापूस भिजवून दहा-वीस मणी चोळा, आणि थोडे मणी साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. हे आळसाने टाळू नका. गळ्यातल्या माळेला एवढा घाम लागत नाही. कमरेला चैत्र-वैशाखात दिवसभर घाम मुरतो. एका बाईचा जांभळा सर महिन्याभरात राखाडी झाला आणि रंग परकराला लागला. मणी मी दिले होते, तेव्हा पैसे परत केले. धातूचे मणी, हूक घालायचे तर चांदीचे घाला. स्वस्त पांढऱ्या धातूने खाज सुटते, पितळ घामाने हिरवं पडतं.

मणी आणायला मेन रोडपासून सराफ बाजारापर्यंतचा पट्टा पुरे आहे. आपल्याकडचा काचमणी बराचसा उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरचा असतो. थोडा वाकडातिकडा, पण स्वस्त. चेक आणि जपानी मणी एकसारखे येतात आणि महाग असतात. देशी मणी घेतलेत तर सुपात पसरा आणि पाखडल्यासारखे हलवा. बारके आणि चपटे आपोआप वेगळे होतात. दहात एक फेकावा लागतो, तेवढे जास्त आणा.

आता तिचे ते ओबडधोबड जाड मणी. ते घानाच्या क्रोबो लोकांचे. त्यांची कृती ऐकून मी दोन दिवस तीच सगळ्यांना सांगत होते. फुटक्या बाटल्या कुटून काचेची पूड करायची. मातीच्या साच्यात खळगे असतात, त्यांत पूड भरायची, रंगीत पुडीचे थर द्यायचे आणि प्रत्येक खळग्यात मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करायचा. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो. साचा भट्टीत गेला की काच वितळून एकजीव होते, देठ जळून जातो आणि त्याच्या जागी भोक राहतं. मग दगडावर वाळू आणि पाणी घालून घासायचे. बिअरच्या बाटलीचा हिरवा मणी, औषधाच्या बाटलीचा तपकिरी. कोफोरिडुआ शहरात दर गुरुवारी मण्यांचाच बाजार भरतो म्हणाली. मी तिला गोदाकाठचा आपला बुधवारचा बाजार दाखवला. मणी फारसे मिळाले नाहीत, पण सुकट आणि मिरच्या बघून ती खूश झाली.

क्रोबो मुली वयात आल्या की ‘दिपो’ नावाचा विधी होतो, तेव्हा गळ्यात, कमरेला, हातापायांत ओझ्याने मणी घालतात. ते घराण्याचे असतात, आजीकडून नातीकडे आलेले. आपण पाटल्या-बिलवर मोडत नाही तसे तेही मोडत नाहीत.

एखादा वेगळा मणी मधे घालायचाच तर मी अकीक सुचवते. लाल-केशरी, पाणीदार दगड. भरूचजवळच्या रतनपूरच्या खाणीतून निघायचा, खंबायतला घडायचा आणि शेकडो वर्षं गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचा. रतनपूरला बाबा घोर यांचा दर्गा आहे. ते स्वतः आफ्रिकेतून आलेले, सिद्दी लोकांचे पीर, आणि अकीकवाले त्यांना आपला मूळपुरुष मानतात. मणी इकडून तिकडे गेला, मण्याचा पीर तिकडून इकडे आला. फक्त अकीकाच्या भोकाची कड धारदार असते. दोन्ही बाजूंना एकेक बारीक काचमणी ठेवा, नाहीतर दोरा कापतो.

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. त्या नावामागची गोष्ट मी सार्वजनिक वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचली. १८५०च्या दशकापासून शरणपूरला मिशनऱ्यांचा एक आश्रम होता. अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं मुंबईला आणायचे आणि त्यातली काही इथे सुतारकाम, लोहारकाम शिकायला पाठवायचे. १८६६ साली आफ्रिका धुंडाळणारा प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन तिथल्या आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्याच्या तांड्यात या नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं होती. मागून आणखी काही गेली, त्यात जेकब वेनराइट होता. १८७३ साली लिव्हिंगस्टन मेला. सोबत्यांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. प्रार्थना वेनराइटने म्हटली, झाडावर अक्षरंही त्यानेच कोरली, आणि मग सगळ्यांनी मिळून प्रेत किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं. त्या काळी आतल्या मुलखात नाणं चालत नव्हतं. कापड आणि मणी चालायचे. हमाल पोत्यांनी मणी वाहायचे. एका गावाला लाल हवे, पुढच्या गावाला पांढरे, आणि चुकीचा रंग नेला तर मूठभर दाणेही मिळायचे नाहीत. नाशकात वाढलेल्या त्या पोरांनी किती मणी मोजले असतील!

घानाच्या मुलीला हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, आंटी, ते पूर्वेचे लोक, मी पश्चिमेची. आसाममधलं कुणी तुमच्या नात्यातलं असेल तेवढेच ते माझ्या नात्यातले.

रंग

रंगांचा अर्थ विचारणारे फार. इंटरनेटवर तक्ते मिळतात. पिवळा म्हणजे पैसा, हिरवा म्हणजे संतती, आणि खाली ‘खरेदी करा’. तक्ता एक, आफ्रिकेतले देश ५४. कसं जमावं?

केनिया-टांझानियाच्या मसाई लोकांचं घ्या. गुरं पाळणारी माणसं. लाल म्हणजे रक्त आणि शौर्य, पांढरा म्हणजे दूध, निळा म्हणजे पाऊस देणारं आभाळ, हिरवा म्हणजे चारा. सगळं गायीभोवती. त्यांच्या गळ्यातल्या थाळीसारख्या चपट्या माळा तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. त्या बायकाच करतात, आणि गंमत म्हणजे त्यातला काचमणी शंभर वर्षांहून जास्त काळ युरोपातून येतो, बराचसा चेक. दक्षिणेकडे झुलू मुली मण्यांची पट्टी विणून आवडत्या मुलाला द्यायच्या आणि रंगांत निरोप असायचा. पण तो निरोप त्या खोऱ्यातल्या माणसांना कळायचा. डोंगरापलीकडे त्याच रंगाचा अर्थ दुसरा. दक्षिण सुदानच्या डिंका लोकांत पूर्वी पुरुष अंगाला घट्ट बसणारं मण्यांचं कवच घालायचे आणि रंगावरून कोणत्या वयोगटातला ते कळायचं. वयोगट बदलला की कवच कापूनच काढावं लागायचं.

सगळं गोडच असतं असंही नाही. उत्तर केनियात सांबुरू लोकांत तरुण योद्धा लहान मुलीच्या गळ्यात लाल मण्यांचे ढीग घालतो, म्हणजे ती त्याची झाली. तिचं वय काय, तिला विचारलं का, हे कुणी बघत नाही. तिथल्याच बायका याविरुद्ध उभ्या राहिल्या आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं, की रंग तुमच्याच आठवणीतले घ्या. हिरवा म्हणजे डोहाळजेवणाचा चुडा, पिवळा म्हणजे हळद, पांढरा म्हणजे मोगरा, असं काहीही. एक शिक्षिका आली होती. तिने आईच्या तीन लुगड्यांचे काठ आणले आणि त्यांना जुळणारे मणी मागितले. तो सर मला अजून दिसतो.

पण काही गोष्टींची नक्कल करायची नाही. घानाच्या मुलीने हे बजावून सांगितलंय. दिपोच्या मण्यांची मांडणी, नायजेरियातल्या बेनिनच्या ओबा राजाची आणि त्याच्या सरदारांची पोवळ्यांची आभूषणं, योरुबा लोकांत कौल लावणाऱ्या इफाच्या पुजाऱ्याचं हिरव्या-तपकिरी मण्यांचं मनगटी, दक्षिण आफ्रिकेतल्या न्डेबेले नवरीचं मण्यांचं ओटीवस्त्र. उद्या कुणी फॅशन म्हणून कपाळाला मुंडावळ्या बांधून पार्टीला गेलं तर आपल्याला कसं वाटेल?

ओवणं

दोरा सुती हवा असेल तर मेण लावलेला, टिकाऊ हवा असेल तर नायलॉनचा. रेशीम कमरेला नको, घामाने कुजतं. इलॅस्टिक मी वापरत नाही. ते तुमच्याबरोबर ताणलं जातं, मग सर सांगणार काय? शिवाय सहा महिन्यांत सैल पडतं.

दोरा दुहेरी घ्या. ८५ सेंटीमीटरचा सर असेल तर दोन्ही टोकांना २५-२५ सोडून १३५, त्याची दुप्पट २७०. सुईत ओवून मधोमध दुमडा. शेवटाला गाठ मारू नका, एक मणी तात्पुरता अडकवून ठेवा, म्हणजे चुकलं तर त्या टोकानेही सोडवता येतं. मण्यांची वाटी उंच नको; ताटलीत मखमलीचा तुकडा अंथरा आणि त्यावर मणी पसरून सुईच्या टोकाने उचला. बोटांनी एकेक घालत बसलात तर पहाट होईल. नक्षी साधी ठेवा. मी पहिल्या सराला दहा-दहाचे टप्पे देते: दहा एका रंगाचे, एक जाड, दहा दुसऱ्या रंगाचे. मोजायला सोपं आणि चूक लगेच दिसते.

ओवताना मणी एकमेकांवर दाबू नका. नवशिक्यांना वाटतं घट्ट म्हणजे मजबूत. खच्चून भरलेला सर काडीसारखा ताठ होतो, वळत नाही, आणि वळवला की काचेची कड दोऱ्याला करवतते. पूर्ण सर उभा धरा. वर एका मण्याची फट दिसली पाहिजे, फार तर दोघांची. मग त्याचा वेटोळा करून ताटलीत ठेवा. आपोआप गोल बसला तर ताण बरोबर. कोपरे आले तर घट्ट आहे.

गाठ मारायच्या आधी तात्पुरती सुरगाठ मारून सर घाला, अर्धा तास घरात वावरा, भांडी घासा, वाका, बसा. नंतरच निरगाठ. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वरून घेतलं तर ती गाठ सुटते, आणि नव्वद टक्के सर तिथेच सुटतात (टक्के माझ्या पाटावरचे). नायलॉन असेल तर पहिल्या वेढ्यात एक पीळ जास्त द्या. उरलेली टोकं सुईने परत चार-पाच सेंटीमीटर मण्यांतून मागे न्या आणि मगच कापा. गाठीवर बिनरंगी नेलपेंटचा एक थेंब.

हूक लावायचा की अंगावरच बांधून टाकायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. हुकाचा सर काढता येतो, आणि कॉलेजच्या मुली तोच मागतात. बांधलेला कापेपर्यंत अंगावर राहतो, आणि स्वतःच्या हाताने नीट बांधताही येत नाही, दुसरं कुणीतरी लागतं. त्यांच्याकडे आई बांधते, आजी बांधते. घानाच्या मुलीने सर तयार झाल्यावर तो उचलून नेला नाही. आतल्या खोलीत गेली, कुर्ता वर धरून पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, आंटी, तुम्हीच बांधा. मी मजुरी घेणार होते. ती मग घेतली नाही.

घातल्यावर

आंघोळ चालते. साबण मण्यांत साठतो, तेव्हा भरपूर पाणी घाला आणि टॉवेलने टिपा, चोळू नका. आठवड्यातून एकदा दोरा फिरवून गाठ वेगळ्या जागी आणा, एकाच जागी घासली तर कातडी काळी पडते. सर वर चढू लागला तर वजन वाढतंय, हाडावरून खाली घसरू लागला तर कमी होतंय. पाळीच्या दिवसांत दोन-तीन दिवस वर चढतो, त्याला काही अर्थ नाही. गरोदर असाल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कापून टाका किंवा पोटाखाली बसेल असा मोठा करून घ्या. ऑपरेशनला, एमआरआयला जाताना आधीच सांगा. तिथे कापतातच, आणि घाईत कापला की मणी पलंगाखाली.

लहान बाळाला बारीक मणी बांधू नका. मण्यांची हौस असेल तर करदोट्याला एक मोठा, चांगला अडकवलेला चांदीचा मणी पुरे. तोंडात जाणारी वस्तू ती, परंपरा कुठलीही असो.

तुटला तर आधी आहात तिथेच थांबा, पाय उचलू नका. फरशीवर ओलं फडकं पसरून मणी टिपा, केरसुणी घेतलीत तर फटीत जातील. प्रत्येक सराबरोबर मी वीस मणी आणि हातभर दोरा जास्तीचा पुडीत बांधून देते. पुडी देवघरात ठेवू नका, शिवणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे वेळेला सापडेल.

ती मुलगी गेल्या उन्हाळ्यात शिकून परत गेली. दिवाळीच्या आसपास व्हॉट्सअॅपवर तिचा मेसेज आला. धाकट्या बहिणीला नाशिकचा सर हवाय, माप ७४. मी विचारलं, बसून घेतलंय का? बराच वेळ काही नाही. मग आलं, उभ्याने.

परत घ्यायला सांगितलंय.